बेसण्यात गाताना

माझं गाणं सगळ्यात जास्त माणसांनी ऐकलं ते पांढरे कपडे घालून आणि माना खाली घालून. त्या गाण्याला टाळी नव्हती. कुणी चुकून टाळी वाजवली असती तर आमच्या पार्टीने लाजेने पेटी-तबला आवरला असता. माहेरी कुणी विचारलं, 'सुरतेत काय करतेस?' तर मी 'भजनाचे कार्यक्रम करते' एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं. फक्त ती भजनं मी माणूस गेल्यावर भरणाऱ्या सभेत गायचे, एवढं सांगायचं राहून जायचं. तिकडे त्या सभेला 'बेसणुं' म्हणतात. आम्ही मराठी माणसं बेसणं म्हणायचो.

माझं माहेर पाचोऱ्याचं. वडील शिंपीकाम करत आणि गुरुवारी भजनी मंडळात बसत. त्यांच्याच हट्टाने मी गाण्याच्या परीक्षा दिल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन सुरतेला आले. हे कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगमास्तर होते, म्हणजे कुठल्या कापडाला कुठला रंग किती उकळायचा ते बघायचे. घर पर्वत पाटिया भागात. सोसायटीत निम्मी माणसं खानदेशातली, त्यामुळे खिडकीतून अहिराणी ऐकू यायची आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती सुरू व्हायची. सासूबाई अमळनेरकडच्या. त्यांना मी आई म्हणायचे. त्या घरात अहिराणीच बोलत आणि भाजीवाल्याशीसुद्धा अहिराणीच बोलत. भाजीवाल्याला ती समजायला लागली होती.

सोसायटीच्या गणपतीत मी गायले, ते हर्षदभाईंनी ऐकलं. हर्षदभाई खास सुरती माणूस. सकाळी एका शाळेत संगीत शिकवायचे आणि दुपारनंतर स्वतःची पार्टी चालवायचे. ते पेटीवर, त्यांचे मित्र ठाकोरभाई तबल्यावर. गाणारी बाई लग्न होऊन बडोद्याला गेली होती. हर्षदभाई घरी आले, आईंनी दिलेला चहा बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "बेनने अमारी साथे गावा दो." ताईंना आमच्याबरोबर गाऊ द्या. तेव्हापासून मी शैलाताईची शैलाबेन झाले.

गुजराती शब्द पाठ करणं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते गाण्याच्या भोवतालचं. पहिल्या नवरात्रात गरब्याला गायला बसले आणि माझा सूर हलला, कारण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. आमच्याकडे गाणारा मंचावर आणि ऐकणारे त्याच्या समोर. इथे मैदानाच्या मधोमध देवी, तिच्यापुढे दिवा ठेवलेला छिद्रांचा मातीचा घट, आणि सगळी माणसं त्याच्याभोवती फिरतायत. आमच्या वाट्याला फक्त पाठी. मी घाबरून विचारलं, "हर्षदभाई, लोकांना आवडत नाहीये का?" ते पेटीवरचा हात न थांबवता म्हणाले, "बेन, ए लोको आपणने जोवा नी आव्या. माताजी पासे रमवा आव्या छे." आपल्याला बघायला आलेलेच नाहीत, देवीपाशी खेळायला आलेत. मला तेव्हा ते लागलं. नंतर कळलं की पुढच्या सगळ्या कामासाठी तो चांगला धडा होता.

लग्नात तर माझी फजितीच झाली. हर्षदभाईंनी सांगितलं, वरात दारात आली की मुलीकडून फटाणां गायची. फटाणां म्हणजे वरपक्षाची टिंगल करणारी गाणी: नवरदेवाचं पोट, त्याच्या मावशीचं तोंड, वऱ्हाड्यांची भूक, काही म्हणून सोडायचं नाही. मी खानदेशातली सून. व्याह्यांपुढे डोक्यावरचा पदर सरकू न देणारी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी नवऱ्या मुलाची आईच माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "बेन, तमे गाळ नहीं आपो तो अमने खोटुं लागशे." तुम्ही शिव्या दिल्या नाहीत तर आम्हाला वाईट वाटेल! मग मी गायले. त्या बाई सगळ्यात मोठ्याने हसल्या.

पण या सगळ्याने मला बेसण्यासाठी तयार केलं नव्हतं.

एक दिवस हर्षदभाईंचा निरोप आला: उद्या चार वाजता प्रोग्राम. मला वाटलं, कुणाकडे सत्यनारायण असेल. मी आंब्याच्या रंगाची काठपदराची साडी नेसले, गजरा माळला आणि गेले. वाडीच्या, म्हणजे त्यांच्या समाजाच्या सभागृहाच्या, दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून ओळीने उभी होती आणि आत चंदनाचा हार घातलेला एक फोटो होता. मी उंबऱ्यावरच थिजले. हर्षदभाई घाईघाईने बाहेर आले. समोरच्या घरात गेले, तिथल्या अनोळखी बाईकडून एक पांढरी साडी मागून आणली आणि माझ्या हातात दिली. गजरा मी काढून पर्समध्ये टाकला. त्या बाईंनीच मला आत नेऊन साडी नेसायला जागा दिली, आणि ओळखदेख नसताना माझ्या निऱ्या करून दिल्या.

त्या दिवशी मी कशी गायले ते मला आठवत नाही. घरी आले आणि आईंना सांगितलं तेव्हा त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

"मरनना घर पेटी-तबला? आपलामा आसं ऱ्हास का कधी?"

मी म्हटलं, "आई, त्यांच्यात असतं."

"त्यास्नामा ऱ्हास. तू त्यास्नी शे का?" तू त्यांची आहेस का?

त्या दिवसापासून बेसण्याहून आले की मला मागच्या दाराने मोरीत जावं लागे, डोक्यावरून अंघोळ करावी लागे. ते मला जाचक वाटलं नाही, कारण पाचोऱ्यालाही मयताहून आल्यावर हेच करत. जाचक वाटलं ते वेगळंच. सोसायटीतल्या आपल्याच बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलवायचं हळूहळू सोडलं. डोहाळेजेवणाचं आमंत्रण आईंच्या नावाने यायचं आणि माझं नाव घेताना बोलवणारी बाई चपला घालायला लागायची. काही ठिकाणी आईही जाईनाशा झाल्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तरीही मी ते काम सोडलं नाही. मला ते जमायला लागलं होतं, आणि जमणारं काम सोडवत नाही.

बेसण्यात गाण्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. हर्षदभाई म्हणायचे, "बेसणामां गायक संभळाय, देखाय नी." गाणारा ऐकू यावा, दिसू नये. म्हणून आम्ही फोटोच्या बाजूला, खांबाच्या आडोशाला बसायचो. शेजारी बसलेल्या दोघांना हळू आवाजात दोन शब्द बोलता यावेत इतकाच माईकचा आवाज ठेवायचा. तान घ्यायची नाही. तबल्यावर नुसता ठेका. ठाकोरभाईंचा हात टाळी मिळवणाऱ्या तिहाईसाठी शिवशिवायचा, ते बोटं मुडपून धरायचे. एक भजन संपून दुसरं सुरू होताना मध्ये फट पडू द्यायची नाही. फट पडली की माणसं एकमेकांकडे बघतात, आणि त्या वेळी घरच्यांना एकमेकांचे चेहरे सोसत नाहीत. पाहुणे येतात, फोटोला हात जोडतात, थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. निघताना कुणी 'आवजो' म्हणत नाही. एरवी गुजराती माणूस दहा वेळा 'आवजो' म्हटल्याशिवाय दार सोडत नाही. पण या दारात पुन्हा येण्याचं नाव काढायचं नसतं. म्हातारं माणूस गेलं असेल तर आत्म्याची, पिंजऱ्याची, पैलतीराची भजनं चालतात. तरुण माणूस गेलं असेल तर ती गायची नाहीत. त्याच्या आईला पिंजरा नको असतो, पाखरू हवं असतं. तिथे नुसतं नामस्मरण.

हे मी शिकले. लोक मुद्दाम 'पेली मराठी बेनने लावजो', त्या मराठी बाईंना आणा, असं सांगायला लागले. मला अभिमान वाटायचा. दुसऱ्याच्या दुःखात आपली मागणी वाढल्याचा अभिमान कुठे सांगावा हे न कळून मी तो मनातच ठेवायचे.

आता सुरतेतल्याच कतारगामची गोष्ट.

तिथे वल्लभभाई नावाचे हिरे घासण्याच्या कारखान्याचे मालक होते. सौराष्ट्रातल्या एका खेड्यातून कारागीर म्हणून सुरतेला आले आणि हळूहळू स्वतःचा कारखाना काढला. शांत, नीटनेटका माणूस. त्यांची आई मोंघीबा गेल्या. वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात आली. अशा जाहिरातीत खाली एक ओळ असते, तीही होती: 'लौकिक प्रथा बंद राखेल छे.' म्हणजे जुन्या पद्धतीच्या देण्याघेण्याला, रडण्याकुटण्याला इथे जागा नाही. सुधारलेल्या घरांत ही ओळ असायचीच. मी ती शंभरदा वाचली असेल. तिचा आपल्याशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी आम्ही बसलो. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये मोंघीबांचा फोटो. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मी तिसरं भजन गात होते तेव्हा दारात गडबड झाली. काळा साडला नेसलेली, हातावर गोंदलेली एक म्हातारी आत आली. हातात कापडी पिशवी. ती मोंघीबांची धाकटी बहीण, रूडीबा. गावाहून एस.टी.ने आली होती. फोटोपुढे उभी राहिली. हात जोडले नाहीत. पिशवी खाली ठेवली, पदर तोंडावर ओढला आणि मोठ्याने गळा काढला.

"हाय हाय रे मारी बेन!"

आख्खी सभा दचकली. मीही दचकले, पण गात राहिले. सवयच तशी होती. रूडीबा थांबली नाही. ती नुसतं रडत नव्हती, रडण्यात बोलत होती. मी भजनाची ओळ धरून होते आणि माझे कान तिच्याकडे होते. ऊठ बेन, तुझी बहीण आली, दार उघड. तू सांगितलंस येताना बाजरी आण, मी आणली, आता कोणाच्या पदरात ओतू? विहिरीवर तू दोर ओढायचीस आणि मी घडा धरायचे, आज तू दोर सोडून कुठे गेलीस? प्रत्येक ओळीच्या शेवटी 'हाय हाय रे मारी बेन', आणि त्या 'हाय'वर छातीवर हात.

पुरुषांच्या बाजूला चुळबूळ सुरू झाली. कारखानदार, व्यापारी, बँकेचे साहेब बसले होते. वल्लभभाई वाकून, कुणाच्या नजरेत येऊ नये असे आमच्यापाशी आले. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"बेन, अवाज जरा वधारो ने," ते म्हणाले. आवाज वाढवा.

हर्षदभाईंनी लगेच माईकच्या मशीनकडे हात नेला. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. घरच्यांचं ऐकायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम होता.

पण मी तोवर ऐकलं होतं. माझी मावशी गेली तेव्हा माहेरी माझ्या आईने अंगणात असाच गळा काढला होता. मावशीचं नाव घेऊन, तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीचं नाव घेऊन, तिने लावलेल्या शेवग्याचं नाव घेऊन. हेल काढून रडणं, असं आमच्याकडे म्हणतात. मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जात होते, आणि मला त्या हेलाची लाज वाटली होती. आता कतारगामच्या त्या वाडीत तोच हेल पुन्हा आला. कोमल गंधारावरून रिषभ, रिषभावरून षड्ज, आणि श्वास संपता संपता खालचा कोमल निषाद. भाषा वेगळी, सूर तोच. आणि मला त्या क्षणी समजलं की आम्हाला इथे कशासाठी बोलावलं जातं. जिथे पूर्वी अशा हेल काढणाऱ्या बायका बसत, तिथे आता आमचा माईक बसला होता.

मी ओळ अर्ध्यात सोडली. माईक खाली, चादरीवर ठेवला.

"शैलाबेन, चालु राखो," हर्षदभाई दातांतल्या दातांत म्हणाले.

मी मान हलवली. नाही.

त्यांची बोटं पेटीवर आणखी थोडी चालली आणि थांबली. ठाकोरभाईंनी तबल्यावर पालथे हात ठेवले. सभागृहात फक्त रूडीबाचा आवाज राहिला. वल्लभभाई माझ्याकडे बघत होते; त्या बघण्यात राग होता, आणि लोकांपुढे तो दाखवता येत नव्हता. मी खाली बघितलं. मला भीती वाटत होती. हे काम गेलं, हर्षदभाईंची पार्टी गेली, आणि ज्यांच्यासाठी हे केलं ते लोक माझे कुणीही नाहीत, हे सगळं मला कळत होतं.

मग बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. पदर तोंडावर घेऊन रूडीबाजवळ जाऊन बसली. मग दुसरी. मग आणखी काही. रूडीबाने ओळ म्हटली की त्या 'हाय हाय' म्हणायच्या. तरुण सुनांना ते येत नव्हतं. त्या कडेला बसून नुसत्या बघत होत्या. वल्लभभाईंची बायको मंजुबेन तिथेच होती. सकाळपासून पाहुण्यांची व्यवस्था बघणारी, डोळे कोरडे. ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि सासूच्या फोटोपुढे तिने कपाळ जमिनीला टेकलं.

हे फार वेळ चाललं नाही. रूडीबा आपली आपणच थांबली. पदराने तोंड पुसलं, पाणी मागितलं, प्यायली. मग खांबाकडे वळून माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या, घरगुती आवाजात म्हणाली, "हवे तुं गा, दीकरी."

आता तू गा, मुली. मी माईक उचलला आणि सोडलेल्या ओळीपासून पुढे गायले. आवाज चांगला लागला नाही.

आम्ही मॅटाडोरने परतलो. पर्वत पाटिया आल्यावर हर्षदभाई म्हणाले, "एम नी चाले, बेन. घरवाळा कहे एम करवानुं." असं चालत नाही; घरचे म्हणतील तसं करायचं.

"ती पण घरचीच होती ना, हर्षदभाई," मी म्हटलं.

त्यानंतर बरेच दिवस त्यांचा निरोप आला नाही. दुसरी गायिका घेतल्याचं कानावर आलं. आईंनी एकदा विचारलं, "तुन्हं काम सुटनं का?" मी 'हो' म्हटलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी ताटातली डाळ निवडत म्हटलं, "माले सांग, काय झायं."

मी सगळं सांगितलं. रूडीबाच्या ओळी म्हणून दाखवल्या नाहीत, फक्त सांगितल्या. बाजरीचं ऐकून आईंचा हात थांबला. त्यांची बहीण अमळनेरला वारली तेव्हा त्या सुरतेत होत्या, आणि पोचल्या तोवर राख सावडून झाली होती. हे मला माहीत होतं. त्या त्याबद्दल कधी बोलत नसत. ताट उचलून आत गेल्या.

मग एके दिवशी मंजुबेन रिक्षाने आमच्या घरी आली. मी घाबरले. ती म्हणाली, मासी, म्हणजे रूडीबा, अजून इथेच आहेत, आणि रोज विचारतात, ती मराठी बेन कुठे आहे? तिला माझ्याकडे आण, मला तिला हे शिकवायचंय. मी विचारलं, "वल्लभभाईंना चालेल?" मंजुबेन म्हणाली, "एमने में कह्युं नथी." मी त्यांना सांगितलेलंच नाही.

रूडीबा आमच्या घरी भेटायला तयार नव्हती, आणि त्यांच्या घरी वल्लभभाई होते. जिथे मरण नाही त्या घरात रडण्याचे हे शब्द उच्चारायचे नसतात, असा त्यांच्याकडचा नेम. म्हणून आम्ही तापीच्या काठावर भेटलो, स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे घाटाच्या पायऱ्या आहेत तिथे. तिथे हे म्हटलेलं चालतं, कारण तिथे रोजच कुणीतरी येतं.

"क्यांनी सो, दीकरी?" तिने विचारलं. कुठची तू? काठेवाडी माणसं 'छ'चा 'स' करतात.

"खानदेशची, बा."

"तमारामां आवुं होय?" तुमच्यातही असं असतं?

"असायचं," मी म्हटलं. "आता कमी झालं."

तिने मान हलवली, जणू तिला हे उत्तर ठाऊकच होतं. तिच्या गावात कुठेही मरण झालं की तिला बोलावणं यायचं. ती ओळ म्हणायची आणि बाकीच्या बायका साथ द्यायच्या. तिकडे त्याला मरसिया म्हणतात. आता गावातही बोलावत नाहीत. "हवे तमने बोलावे," ती म्हणाली. आता तुम्हाला बोलावतात. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी तिला घाटावर आणखी काही वेळा भेटले. मंजुबेन दर वेळी बरोबर असायची, भाजीच्या निमित्ताने. रूडीबा शिकवायची ते असं: नाव घेऊन रडायचं. 'आई गं', 'देवा रे' असं कुणालाही लागू पडेल ते म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाचे हात काय करायचे ते आधी आठवायचं. गोधडी शिवायचे, बैलाला चारायचे, सुईत दोरा ओवायचे. हात सापडले की शब्द सापडतात. लहान मूल गेलं असेल तर शब्दच नाहीत, तिथे नुसता सूर धरायचा आणि आईला सोबत करायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबायचं. रडवणारीने स्वतः वाहून जायचं नाही. समोरच्या बाईचा श्वास बघायचा, तो तुटायला लागला की आपण आवरतं घ्यायचं आणि तिला पाणी द्यायचं.

माझ्या गुरुजींनी सम कुठे पडते ते शिकवलं होतं. सम कुठे सोडून द्यायची हे मी त्या पायऱ्यांवर शिकले.

काही दिवसांनी रूडीबाचा मुलगा येऊन तिला गावी घेऊन गेला. त्याच सुमारास हर्षदभाई पुन्हा घरी आले. नव्या गायिकेचा घसा बसला होता. 'उद्या चार वाजता,' एवढंच सांगून गेले. पण त्यानंतर मी बघायचे, कुठल्याही बेसण्यात बसण्याआधी ते घरच्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, गावाहून कुणी वडीलधारी बाई यायची आहे का? आली तर आम्ही थोडं थांबू. बहुतेक जण म्हणायचे, नाही, कुणी नाही. क्वचित कुणी 'हो' म्हणायचं. मग आम्ही थांबायचो.

पुढच्या वर्षी उत्तरायण, म्हणजे तिकडची संक्रांत, होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी वल्लभभाई आणि मंजुबेन आमच्या दारात उभे राहिले. हे घरी होते. त्यांनी खुर्च्या दिल्या. आईंनी पाणी आणलं. वल्लभभाईंनी पाणी हातात धरलं, प्यायले नाहीत.

"मासी गया," ते म्हणाले.

रूडीबा गावीच वारली होती. तिच्या मुलांनी जाहिरात दिली, प्रथा बंद असल्याची ओळही दिली. सभा झाली, भजनं झाली. वल्लभभाई जाऊन आले होते. त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "कोई रड्युं नहीं, बेन. मोढेथी कोई बोल्युं नहीं. आखी जिंदगी एणे बधांने रड्यां." आयुष्यभर ती सगळ्यांसाठी रडली, आणि तिच्यासाठी कुणी तोंडाने बोललं नाही.

मंजुबेनने माझ्याकडे बघितलं. "शैलाबेनने आवडे छे," ती नवऱ्याला म्हणाली. यांना येतं.

वल्लभभाईंनी मान वर केली. नदीकाठचं त्यांना तोवर माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग काहीतरी सैल झालं. "अहीं?" त्यांनी विचारलं. इथे?

मी आईंकडे बघितलं. घर त्यांचं. देवघर समोर. घरात कुणी गेलेलं नव्हतं. आमच्यातही भरल्या घरात असं गळा काढून रडत नाहीत, त्यांच्यात तर नाहीच. मी आईंना मराठीत समजावून सांगायला लागले, पण त्यांना गुजराती बरंच कळत होतं. बोलत नसत एवढंच.

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि उठल्या.

"थांब. आजूबाजूना लोकेस्ले सांगी येस," त्या म्हणाल्या. "नहीते घाबरी जातीन, आपलाच घर काही झायं म्हनी."

आणि त्या खरंच गेल्या. मी दारातून ऐकत होते. पहिल्या दारात, दुसऱ्या दारात, जिन्याखालच्या खोलीत त्या सांगत होत्या, आमच्या घरी रडण्याचा आवाज येईल, धावत येऊ नका, आमचे सगळे ठीक आहेत. एक म्हातारी गेली तिच्या गावी, तिचं आमच्याकडे रडणं आहे. ज्या दारांत त्यांनी माझ्यामुळे हळदीकुंकवाला जायचं सोडलं होतं, त्या दारांतही त्या जाऊन आल्या. परत येऊन त्यांनी देवघराचा पडदा ओढला, मंजुबेनशेजारी फरशीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "म्हन आते."

वल्लभभाई खुर्चीवरून उतरून खाली बसले.

मी रूडीबाचं नाव घेतलं. मग तिचे हात आठवले, गोंदलेले, पिशवीची गाठ सोडणारे, आणि मी म्हणायला लागले. काही ओळी तिच्या गुजरातीतल्या होत्या. ती गुजराती जिथे संपली तिथे माझी भाषा आली, ते मी ठरवलं नव्हतं. 'हाय हाय'ला मंजुबेनने साथ दिली. तिला आता येत होतं. आईंचं अंग माझ्या सुराबरोबर मागेपुढे हलत होतं. वल्लभभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक, त्याचे खांदे पोरासारखे उडत होते.

मंजुबेनचा श्वास तुटायला लागला तेव्हा मी थांबले. तिला पाणी दिलं.

तेव्हा माझं दाराकडे लक्ष गेलं. सांगूनही बायका आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर, जिन्यावर, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांच्यात जिन्याखालच्या खोलीतली एक बाई होती. चोपड्याकडची. नवरा लूमवर काम करायचा. तिची आई गावी वारली होती आणि नवऱ्याला सुट्टी मिळेपर्यंत चार दिवस गेले होते. ती कधी आमच्या घरात आली नव्हती. ती उंबरा ओलांडून आत आली आणि कुणाकडेही न बघता, उभ्याउभ्याच बोलायला लागली, "ओ मन्ही माय, तू मन्ही वाट दखत बसनी व्हतीस, मी उनी नही वं..." मी तुझ्यापर्यंत आलेच नाही गं.

मंजुबेनला अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता. ती सरकली, त्या बाईचा हात धरून तिला आपल्याजवळ खाली बसवलं, आणि पदर तोंडावर ओढून तिच्यासाठी 'हाय हाय' म्हणायला लागली.